उद्भासन व छटामूल्ये, अंकीय छायाचित्रणातील

छायाचित्र घेताना कॅमेऱ्यातील प्रकाशसंवेदी पृष्ठावर प्रकाश किती प्रमाणात व किती काळ पडू द्यावयाचा, याच्या नियमनास उद्भासन म्हणतात. व्यवहारात यासाठी एक्स्पोजर हा शब्द रूढ आहे. चित्रविषयाच्या निरनिराळ्या भागांची तेजस्विता तयार चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या ज्या पायऱ्यांनी व्यक्त होते, त्या पायऱ्यांना छटामूल्ये म्हणतात. उद्भासन ही भौतिक राशी असून ती मोजता येते. छटामूल्यांची निवड हा मात्र निर्णयाचा भाग आहे. चित्रविषयातील अमुक भागावरून किती प्रकाश येतो हे उपकरण सांगू शकते. तो भाग चित्रात काळा, करडा की पांढरा दिसावा हे ते सांगू शकत नाही. अंकीय कॅमेऱ्यात मापनाची साधने पुष्कळ वाढली असली, तरी हा निर्णय छायाचित्रकारावरच राहिला आहे. तो त्याने घेतला नाही, तर यंत्राच्या रचनेत आधीच अंतर्भूत असलेली गृहीतके तो त्याच्या वतीने घेतात.

इतिहास : उद्भासन व त्यामुळे निर्माण होणारा काळेपणा यांच्यातील संबंधाचा पद्धतशीर अभ्यास फेर्डिनांट हुर्टर व व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड यांनी इंग्लंडमध्ये केला व १८९० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी काढलेला वक्र इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा आहे. त्याच्या दोन्ही टोकांना उतार मंद असल्यामुळे फिल्मवर अतिउजळ व अतिगडद भागांतील छटा एकाएकी न तुटता हळूहळू दबत जातात. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स (१९०२–८४) व फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास लॉस अँजेल्स येथे अध्यापन करताना या ज्ञानाला विभाग पद्धतीचे व्यावहारिक रूप दिले.

अंकीय छायाचित्रणाचा पाया १९६९ मध्ये घातला गेला. त्या वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या अर्धसंवाहक प्रयुक्तीची कल्पना मांडली. या कार्याबद्दल २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात ते सहभागी होते. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत तयार केलेल्या अंकीय कॅमेऱ्यात केवळ १०,००० चित्रबिंदू होते व एक चित्र ध्वनिफितीवर नोंदण्यास २३ सेकंद लागत. त्याच कंपनीतील ब्राइस बायर यांना लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांच्या जाळीचे एकस्व १९७६ मध्ये मिळाले. आजही बहुसंख्य कॅमेऱ्यांत हीच जाळी किंवा तिची सुधारित रूपे वापरतात.

उद्भासनाचे घटक : संवेदकावर पडणारा प्रकाश तीन गोष्टींवर अवलंबून असतो : चित्रविषयावरील प्रकाश, भिंगाच्या छिद्राचा आकार व शटर उघडे राहण्याचा काळ. छिद्राचा आकार एफ/१·४, २, २·८, ४, ५·६, ८, ११, १६, २२ अशा अंकांनी दर्शवितात. या मालिकेतील प्रत्येक पुढच्या अंकाला प्रकाश निम्मा होतो. शटरचा काळही १/३०, १/६०, १/१२५, १/२५० सेकंद असा सुमारे निम्म्याने घटत जातो. प्रकाशाच्या दुपटीच्या किंवा निमपटीच्या अशा पायरीस स्टॉप म्हणतात. त्यामुळे एफ/८ व १/२५० सेकंद आणि एफ/११ व १/१२५ सेकंद या दोन्ही योजनांत संवेदकास सारखाच प्रकाश मिळतो. मात्र पहिल्या योजनेत गतिमान वस्तू अधिक स्पष्ट येते, तर दुसऱ्या योजनेत पुढील व मागील वस्तू अधिक खोलीपर्यंत रेखीव दिसतात.

आयएसओ अंकाचे स्थान यांहून वेगळे आहे. अंकीय कॅमेऱ्यांसाठी आयएसओ १२२३२ हे मानक १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा अंक वाढविल्याने संवेदकावर अधिक प्रकाश पडत नाही. मिळालेल्या प्रकाशाचे अंतिम चित्रातील मूल्य तेवढे वर चढविले जाते. स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ ठेवून शटरचा काळ आयएसओ अंकाच्या व्यस्ताइतका ठेवावा, म्हणजे आयएसओ १०० साठी सु. १/१०० सेकंद, हा फिल्मच्या काळातील ठोकताळा अंकीय कॅमेऱ्यालाही लागू पडतो.

प्रकाशमापक व त्याची मर्यादा : प्रकाशमापकाचे दोन प्रकार आहेत. एक चित्रविषयावर पडणारा प्रकाश मोजतो. दुसरा चित्रविषयावरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश मोजतो. कॅमेऱ्यातील मापक दुसऱ्या प्रकारचा असतो. समोरची वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला केवळ प्रकाशाच्या मापनावरून कळू शकत नाही. म्हणून समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेची आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. छायाचित्रकार तुलनेसाठी वापरतात ते करडे कार्ड पडलेल्या प्रकाशाच्या १८ टक्के प्रकाश परावर्तित करते. मापकांचे प्रमाणीकरण पुष्कळदा यापेक्षा काहीशा कमी परावर्तनाशी जुळणारे असते.

या गृहीतकाचे परिणाम नेहमीच्या अनुभवातील आहेत. पांढरा सदरा, धोतर व टोपी घातलेल्या वारकऱ्यांनी सर्व चौकट भरली असता मापक प्रकाश कमी करण्यास सुचवितो व शुभ्र वस्त्रे मळकट करडी येतात. उलट, वेरूळच्या कैलास लेण्याच्या काळ्या बेसाल्टी पाषाणाने चौकट भरली, तर मापक प्रकाश वाढविण्यास सुचवितो व पाषाण राखेच्या रंगाचा दिसतो. पहिल्या उदाहरणात मापकाने सुचविलेल्या उद्भासनात एक ते दोन स्टॉप वाढ व दुसऱ्यात तेवढीच घट करणे सामान्यतः योग्य ठरते. चौकटीचे अनेक भाग पाडून त्यांची तुलना करणारे आधुनिक मापक आणि चेहरे ओळखणाऱ्या प्रणाली या चुका पुष्कळ कमी करतात. परंतु गृहीतके त्यांच्यातही असतातच.

विभाग पद्धती : या पद्धतीत पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे ० ते १० असे अकरा विभाग कल्पिलेले आहेत. लगतच्या दोन विभागांत उद्भासनाचा एक स्टॉप फरक असतो. पाचवा विभाग म्हणजे मध्यम करडी छटा. तिसऱ्या विभागात पोत दिसेल असे गडद भाग, तर सातव्यात पोत दिसेल असे उजळ भाग येतात. छायाचित्रकार चित्रविषयातील एखादा महत्त्वाचा भाग निवडून त्याचे मापन करतो व तो कोणत्या विभागात यावा हे ठरवितो. उरलेले भाग मग आपापल्या जागी आपोआप येतात.

ॲडम्स यांचे ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे छायाचित्र या विचारपद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ते १ नोव्हेंबर १९४१ रोजी घेतले गेले, असे चंद्राच्या स्थानावरून मागाहून निश्चित करण्यात आले. सूर्य मावळत असून प्रकाशमापक सापडत नव्हता. चंद्राची तेजस्विता ॲडम्स यांना ठाऊक होती. ती सातव्या विभागात बसेल असे उद्भासन त्यांनी मनात काढले. चंद्राचा तपशील त्यामुळे टिकला. मात्र पुढील बाजूच्या दफनभूमीचा भाग निगेटिव्हवर फारच विरळ उमटला. १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हच्या त्या भागाची घनता रासायनिक प्रक्रियेने वाढविली. पुढील काही दशकांत काढलेल्या प्रतींत आकाश उत्तरोत्तर काळे होत गेले. उद्भासनाच्या वेळी काय वाचवावयाचे व नंतरच्या संस्करणात काय घडवावयाचे, यांतील श्रमविभागणी या उदाहरणात स्पष्ट दिसते. अंकीय छायाचित्रणातही ती तशीच आहे.

संवेदकाचे वर्तन : संवेदकाचा प्रतिसाद फिल्मसारखा वक्र नसून जवळजवळ सरळ रेषेत असतो. प्रकाश दुप्पट झाला की विद्युत्‌भारही दुप्पट होतो. चित्रबिंदूची धारणक्षमता संपली, की त्यापुढील प्रकाशाची नोंद होत नाही. त्या मर्यादेपलीकडील सर्व भाग एकाच मूल्याचे, म्हणजे कोरे पांढरे होतात. यास उजळ छटा कापल्या जाणे म्हणतात. कापल्या गेलेल्या भागात मुळात माहितीच नसल्यामुळे कोणत्याही संपादनाने ती परत आणता येत नाही. याच कारणाने, दृश्यातील ज्या उजळ भागांत तपशील आवश्यक आहे ते कापले जाऊ न देणे, हा अंकीय उद्भासनाचा पहिला नियम होय. दिव्याची ज्योत किंवा पाण्यावर चमकणारे सूर्याचे प्रतिबिंब कोरे राहिल्याने हानी होत नाही. नववधूच्या वस्त्रावरील वीण किंवा पावसाळी ढगांची वळणे नाहीशी झाल्यास चित्राचा आशयच कमी होतो.

गडद टोकाला अडचण वेगळ्या प्रकारची असते. प्रकाश हा फोटॉनांच्या रूपाने येतो व त्यांच्या संख्येत स्वाभाविक चढउतार असतो. हा चढउतार सरासरी संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. १०,००० फोटॉन मिळालेल्या चित्रबिंदूत तो १००, म्हणजे १ टक्का असतो. १०० फोटॉन मिळालेल्या चित्रबिंदूत तो १०, म्हणजे १० टक्के होतो. छायाभाग उजळविले असता दिसणारा, नॉइज या नावाने ओळखला जाणारा ठिपकेदारपणा मुख्यतः यातून उद्भवतो.

मूल्यांची विभागणीही विषम असते. १४ बिटांच्या नोंदीत एकूण १६,३८४ पायऱ्या असतात. सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला त्यांपैकी ८,१९२, त्याखालील स्टॉपला ४,०९६ व त्याखालील स्टॉपला २,०४८ पायऱ्या येतात. दहाव्या स्टॉपला केवळ १६ उरतात. या दोन्ही कारणांनी, उजळ छटा न कापता शक्य तेवढा अधिक प्रकाश घ्यावा व चित्र नंतर संपादनात गडद करावे, अशी पद्धत २००३ पासून मायकेल राइकमन यांच्या लेखनामुळे प्रसार पावली. मूळ आयएसओ अंकावर व पुरेसा वेळ हाताशी असताना ती उपयुक्त आहे. हालत्या विषयात शटरचा काळ वाढवून प्रकाश मिळविल्यास चित्र अस्पष्ट होते, म्हणून तेथे तिचा आग्रह धरणे योग्य नाही.

हिस्टोग्राम : चित्रातील कोणत्या मूल्याचे किती चित्रबिंदू आहेत हे दाखविणारा हा वारंवारता आलेख होय. आडव्या अक्षावर डावीकडे ० म्हणजे काळा व उजवीकडे २५५ म्हणजे पांढरा असतो; उभ्या अक्षावर चित्रबिंदूंची संख्या असते. आलेख उजव्या कडेला चिकटून उंच झाला असेल, तर उजळ छटा कापल्या गेल्या असण्याचा संभव असतो. डाव्या कडेला चिकटला असेल, तर छायाभागांतील तपशील गेलेला असतो.

हिस्टोग्रामचा एकच आदर्श आकार असतो, हा समज चुकीचा आहे. बर्फाच्या दृश्याचा आलेख उजवीकडे व रात्रीच्या रस्त्याचा डावीकडे झुकलेला असणे स्वाभाविक आहे. धुक्यातील दृश्याचा आलेख मध्यभागी अरुंद असतो. तो ओढून दोन्ही कडांपर्यंत पोचविल्यास धुकेच नाहीसे होते. शिवाय आलेखावरून मूल्यांची संख्या कळते, त्यांचे स्थान कळत नाही. कापला गेलेला भाग चेहरा आहे की पाठीमागची भिंत, हे चित्राकडे पाहूनच ठरवावे लागते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणारा आलेख सामान्यतः कॅमेऱ्याने तयार केलेल्या जेपेग चित्राचा असतो, रॉ फाइलचा नव्हे. त्यामुळे तो कापलेल्या दाखवीत असलेल्या काही छटा रॉ फाइलमध्ये शिल्लक असू शकतात. दुसरे असे, की तीनही रंगांचे आलेख स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक असते. जास्वंदीच्या लाल फुलाच्या चित्रात एकत्रित आलेख निर्दोष दिसत असतानाही केवळ लाल रंगाची मूल्ये कापली जाऊन पाकळ्यांवरील शिरा नाहीशा होऊ शकतात.

संपादन : डोळ्याला जाणवणारा उजळपणा प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाही, गडद भागांतील फरक डोळा अधिक सूक्ष्मपणे टिपतो. म्हणून संवेदकाच्या सरळ प्रमाणातील मूल्यांना चित्र तयार होताना वक्र रूप दिले जाते. १८ टक्के परावर्तनाच्या करड्या छटेचे मूल्य ८ बिटांच्या सरळ नोंदीत सु. ४६ येईल. १९९६ मध्ये मांडल्या गेलेल्या एसआरजीबी या प्रमाण रंगावकाशात ते सु. ११८ असते.

संपादनाचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे ठेवतात. प्रथम एकंदर उजळपणा ठरवितात. नंतर सर्वांत काळा व सर्वांत पांढरा बिंदू निश्चित करतात. त्यानंतर छटावक्राच्या साहाय्याने मध्यम छटा व छटाभेद जुळवितात. शेवटी स्थानिक दुरुस्त्या करतात. वक्राचा जो भाग अधिक चढा केला जातो त्या छटांतील भेद वाढतो, पण त्याच वेळी इतर कोणत्या तरी छटांतील भेद कमी होतो. काळ्या व पांढऱ्या टोकांमधील एकूण अंतर ठरलेले असल्यामुळे एकीकडे दिलेले दुसरीकडून काढून घ्यावेच लागते. स्थानिक भाग उजळविणे व गडद करणे या क्रिया अंधाऱ्या खोलीतील छपाईत हाताने किंवा पुठ्ठ्याने प्रकाश अडवून केल्या जात. संगणकावर त्याच क्रिया निवड व थरांच्या साहाय्याने करतात. १९९० मध्ये बाजारात आलेल्या फोटोशॉप या आज्ञावलीमुळे त्यांचा प्रसार झाला.

मोठे फेरफार ८ बिटांच्या जेपेग चित्रावर केल्यास छटा तुटतात. समजा, ० ते ३१ या मूल्यांमधील छायाभाग ताणून ० ते १२७ केला, तर १२८ जागांसाठी ३२ पायऱ्याच उपलब्ध असतात. आकाशासारख्या मंद उतरत्या छटांत अशा वेळी पट्टे दिसू लागतात. म्हणून असे काम रॉ फाइलवर किंवा १६ बिटांच्या चित्रावर करणे श्रेयस्कर असते.

भर उन्हातील उजळ भिंत व आतील काळोख यांच्या तेजस्वितेत हजार पटींहून अधिक, म्हणजे दहा स्टॉपांहून अधिक अंतर असू शकते. उत्तम संवेदकांची छटाव्याप्ती सु. १२ ते १४ स्टॉप असते. परंतु कागदावरील छपाईची व्याप्ती तिच्यापेक्षा पुष्कळच कमी असते. व्याप्ती अपुरी पडल्यास निरनिराळ्या उद्भासनांची अनेक चित्रे घेऊन ती एकत्र करतात. या कल्पनेची पूर्वपीठिका जुनी आहे. फ्रेंच छायाचित्रकार ग्यूस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्र व आकाश यांसाठी दोन वेगळ्या निगेटिव्ह वापरून एकच चित्र छापले होते. आजचे अनेक स्मार्टफोन एकापाठोपाठ अनेक चौकटी घेऊन त्या आपोआप एकत्र करतात. त्यामुळे चित्र पडद्यावर दिसण्यापूर्वीच छटांविषयीचे बरेच निर्णय झालेले असतात.

डोळा, पडदा व कागद : छटेविषयीचा डोळ्याचा निर्णय सभोवतालच्या छटांवर अवलंबून असतो. तोच करडा चौकोन काळ्या पार्श्वभूमीवर उजळ व पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद भासतो. एडवर्ड ॲडेलसन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रात बुद्धिबळाच्या पटासारख्या पटावरील सावलीतील पांढरे घर व सावलीबाहेरील काळे घर यांची मूल्ये अगदी सारखी असूनही ती निरनिराळी दिसतात. म्हणून संपादन करताना संशयित जागेचे अंकमूल्य वाचून पाहणे हितावह असते.

संगणकाचा पडदा अतिउजळ ठेवला असता त्यावर योग्य दिसणारे चित्र कागदावर गडद येते, ही सार्वत्रिक तक्रार आहे. छपाईसाठीच्या कामात पडद्याची तेजस्विता दर चौ. मीटरला ८० ते १२० कँडेला, पांढऱ्याचे वर्णतापमान सु. ६,५०० केल्व्हिन व गॅमा २·२ ठेवण्याचा प्रघात आहे. खोलीतील प्रकाश मंद व स्थिर असावा आणि भिंतींचा रंग करडा असावा, असेही सांगितले जाते.

त्वचेची छटा व सत्यता : मध्यम छटेची निवड ही केवळ तांत्रिक बाब नाही, हे माणसांच्या चित्रांत सर्वांत स्पष्टपणे दिसते. कोडॅक कंपनीने रंगीत छपाई जुळविण्यासाठी प्रयोगशाळांना पुरविलेली ‘शर्ली’ कार्डे दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीच्या चित्राची होती. त्या त्वचेला अनुरूप अशी जुळणी झाली, की एकाच चित्रातील सावळ्या व काळ्या चेहऱ्यांतील तपशील अनेकदा बुजत असे. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड १९९० च्या दशकात आले. अंकीय प्रणालींतही हा प्रश्न उरला होता. गूगल कंपनीने २०२१ मध्ये आपल्या फोनमध्ये गडद त्वचेसाठी विशेष सुधारणा केल्या. विभाग पद्धतीच्या पाठ्यपरंपरेत उजळ पाश्चात्त्य त्वचा सहाव्या विभागात ठेवतात. सावळ्या त्वचेला तीच जागा दिल्यास चेहरा फिका व निस्तेज होतो. ती चौथ्या किंवा पाचव्या विभागात ठेवून तिच्यावरील उजळ कडा टिकविल्यास चेहऱ्याची ठेवण यथार्थ उमटते. सावळा वर्ण उजळवून दाखविणे, हे स्वयंचलित सौंदर्य-छटांचे वळण या दृष्टीने सदोष आहे.

छटा बदलल्याने चित्राचा अर्थ बदलू शकतो. ओ. जे. सिम्प्सन यांचे पोलिसांनी घेतलेले एकच छायाचित्र २७ जून १९९४ च्या अंकांच्या मुखपृष्ठांवर टाइम व न्यूजवीक या दोन अमेरिकी साप्ताहिकांनी छापले. टाइमच्या मुखपृष्ठावर ते पुष्कळ अधिक गडद केलेले होते. या बदलामुळे कृष्णवर्णीय आरोपी अधिक भयावह भासतो, अशी तीव्र टीका झाली व संपादकांना खुलासा करावा लागला. त्या चित्रात कोणतीही वस्तू घातली वा काढली नव्हती. बदल प्रामुख्याने छटांचा होता. वृत्तछायाचित्रणात एकंदर उजळपणा व छटाभेद यांतील माफक दुरुस्ती सामान्यतः मान्य असते. कलात्मक छायाचित्रणात मोकळीक याहून अधिक असते. दोहोंतही मूळ रॉ फाइल न बदलता जपून ठेवणे आवश्यक असते, कारण छटांविषयी घेतलेला निर्णय पुढे तपासता येतो तो तिच्याच आधारे.